नेमकी प्रतिकृती, पण कशाशी नेमकी?

या व्याख्यानमालेत पुस्तकांवर बोलणं होतं, नाटकांवर होतं, चित्रांवर होतं. आज आम्ही समीक्षेला घेतली आहे एक प्लॅस्टिकची पाणबुडी. विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी विचारलं, अहो, खेळण्याची कसली समीक्षा? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच की ज्या वस्तूच्या खोक्यावर 'नेमकी प्रतिकृती' असं छापलेलं असतं, ती वस्तू एक विधान करत असते. खरी पाणबुडी अशी आहे, असं ती सांगते. इतिहासाच्या पुस्तकाने 'असं घडलं' म्हटलं की आपण लगेच विचारतो, कशावरून? प्रतिकृतीला तोच प्रश्न का विचारू नये? आणि अणुपाणबुडी ही तर अशी चीज आहे की तिच्याबाबत 'कशावरून'चं खरं उत्तर ज्याच्याजवळ असतं, त्याला ते द्यायची परवानगी नसते.

एका जुन्या किटपासून सुरुवात करू. साल १९६१. अमेरिकेतल्या रेव्हेल या कंपनीने 'जॉर्ज वॉशिंग्टन' या पाणबुडीची प्रतिकृती बाजारात आणली. ही खरी पाणबुडी ३० डिसेंबर १९५९ला नौदलात दाखल झालेली, म्हणजे किट आलं तेव्हा ती कोरी करकरीत होती. पोलारिस क्षेपणास्त्रं घेऊन फिरणारी ती पहिली अमेरिकी पाणबुडी. २० जुलै १९६०ला तिने पाण्याखालून क्षेपणास्त्र सोडून दाखवलं. जगाच्या युद्धशास्त्राचं पान त्या दिवशी उलटलं म्हणायला हरकत नाही, कारण शत्रूने आपली शहरं बेचिराख केली तरी समुद्रात कुठेतरी लपलेली सोळा क्षेपणास्त्रं शिल्लक राहणार, ही खात्री तेव्हापासून सुरू झाली. तर अशा पाणबुडीचं किट, किंमत २ डॉलर ९८ सेंट. पोरं खाऊच्या पैशांतून घेऊ शकतील असं. एका बाजूचं कवच उघडं ठेवून आतलं दिसावं अशी योजना. आत मजले, यंत्रं, क्षेपणास्त्रांच्या नळ्या.

आणि मग ॲडमिरल हायमन रिकोव्हर भडकले. रिकोव्हर म्हणजे अमेरिकी नौदलात अणुशक्ती आणणारा माणूस. स्वभावाने जमदग्नी. त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तक्रार केली की या तीन डॉलरच्या खेळण्यातून रशियनांना लाखो डॉलरची माहिती आयती मिळते आहे. जाणकार माणसाने तासभर हे किट न्याहाळलं तरी त्याला बरंच काही कळेल. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. खेळण्याची जाहिरात याहून चांगली कोण करणार? (हशा)

ही गोष्ट प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या जगात आजही अभिमानाने सांगितली जाते. बघा, आमचं काम इतकं अचूक की ॲडमिरलला घाम फुटला! आम्हाला मात्र इथेच थांबून विचारावंसं वाटतं. रिकोव्हरांच्या रागामुळे किट अचूक ठरलं का? राग हा पुरावा आहे का? ते किट अगदीच चुकीचं असतं तर जाणत्या माणसाने गप्प बसणंच शहाणपणाचं होतं. आणि किट बरोबर असतं, तरी हे बरोबर आहे असं चारचौघांत ओरडून सांगणं म्हणजे शत्रूला दाखला देण्यासारखंच. म्हणजे ज्यांना ठाऊक असतं त्यांनी बोलायचं नसतं, आणि जे बोलतात त्यांना ठाऊक असतंच असं नाही. अणुपाणबुडीच्या प्रत्येक प्रतिकृतीवर हा पेच बसलेला आहे. घोड्याची मूर्ती केली तर कुणीही घोडा बघून सांगेल की मान आखूड झाली. इथे घोडा तबेल्यात आणि तबेल्याला कुलूप.

किट म्हणून त्याचा विचार केला तर आमचं मत चांगलं आहे, पण कारण वेगळं आहे. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही मुळात वेगळ्याच पाणबुडीच्या पोटातून आली. ग्रॉटनच्या इलेक्ट्रिक बोट कारखान्यात स्किपजॅक जातीची एक हल्ला-पाणबुडी बांधली जात होती, तिचं नाव 'स्कॉर्पियन' ठरलेलं होतं. क्षेपणास्त्र-पाणबुडीची घाई झाली तेव्हा ती अर्धवट पाणबुडी मधोमध कापली आणि मध्ये १३० फुटांचा क्षेपणास्त्रांचा तुकडा बसवला. स्किपजॅकची लांबी २५२ फूट, त्यात १३० मिळवा, ३८२. जॉर्ज वॉशिंग्टन बरोबर तेवढी भरते. म्हणजे एखाद्याने घरी स्किपजॅकची प्रतिकृती करवतीने कापून मध्ये नळीचा तुकडा चिकटवला, तर तो कारखान्याचीच नक्कल करत असतो! आतून दिसणाऱ्या त्या किटमध्ये हा जोड समजतो. पुढे माणसं आणि नियंत्रण, मागे अणुभट्टी आणि यंत्रं, आणि मध्ये एक तृतीयांश लांबीचा हा उपरा पाहुणा, त्याच्यासाठी पाठीवर आलेला उंचवटा. भिंतीची जाडी किती, नळीचा व्यास किती, याची मापं चुकली असतील तरी ही घाईची, जोडकामाची गोष्ट त्या वस्तूतून कळते. आमच्या लेखी ती मोठी गोष्ट आहे. त्याच किटला स्प्रिंगवर उडणारी क्षेपणास्त्रंही होती, तिथे मात्र पोरांना खूश करण्याकडे कल झुकला, ते सोडून देऊ.

आता 'नेमकं' म्हणजे काय, याकडे वळू. बाजारात आज अणुपाणबुड्यांची बरीच किटं १/३५० या प्रमाणात येतात. हिशोब सोपा आहे. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या पाणबुडीवरचे ३५ सेंटिमीटर. साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकवर पत्र्यांचे सांधे म्हणून ज्या रेघा कोरलेल्या असतात, त्यांची रुंदी तीन दशांश मिलिमीटर जरी धरली तरी खऱ्या पाणबुडीवर ती दहा सेंटिमीटरची चर होते. अशी चर अंगावर घेऊन पाणबुडी समुद्रात गेली तर तिचा आवाज कुठवर जाईल याची कल्पना करा. म्हणजे ज्या रेघांमुळे प्रतिकृती 'तपशीलवार' वाटते, त्याच रेघा प्रमाणाच्या दृष्टीने धादांत खोट्या आहेत. परीक्षक मंडळी स्पर्धेत याच रेघांना गुण देतात, हे आमच्या मनातलं एक जुनं दुखणं आहे.

रंगाचंही तसंच. पाणबुडी काळी म्हणून काळा रंग फासला की झालं, असं नवख्याला वाटतं. पण १/३५०ची प्रतिकृती तुम्ही एक मीटरवरून बघता, तेव्हा ती खरी पाणबुडी साडेतीनशे मीटरवरून बघितल्यासारखं असतं. मध्ये तेवढी हवा असते, ओल असते, उजेड असतो. तेवढ्या अंतरावर काळं काळं राहत नाही, करडं होतं. जुने जाणते हात म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळतात. इथे रंगाची डबी बरोबर असून चालत नाही, डोळा बरोबर असावा लागतो. आणि पृष्ठभागावर रबरी फरशा बसवलेल्या असतात, आवाज शोषायला. त्या कुठे निघालेल्या, कुठे नव्याने लावलेल्या, त्यामुळे खरी पाणबुडी अनेकदा भिंतीला ठिगळं लावल्यासारखी दिसते. चकचकीत काळी पाणबुडी ही शोकेसमधलीच.

पण हे सगळं वरवरचं. खरा प्रश्न शेपटीशी आहे.

पाणबुडीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हा तिच्या अंगावरचा सर्वांत झाकलेला अवयव. पंखा पाण्यात जोरात फिरला की पात्याच्या मागच्या अंगाला दाब इतका घसरतो की पाणी तिथल्या तिथे उकळल्यासारखं होऊन बुडबुडे बनतात, आणि ते पटकन फुटतात. त्या फुटण्याचा आवाज दूरवर ऐकू जातो. पात्यांची संख्या, त्यांचा पीळ, मागे झुकलेली कड, यांतून तो आवाज कमी करता येतो, आणि म्हणून हा आकार कुणाला दिसू देत नाहीत. पाणबुडीचं जलावतरण होतं तेव्हा पंख्यावर ताडपत्री असते. १९८७ साली उघडकीला आलेलं तोशिबा आणि नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचं प्रकरण काही जणांना आठवत असेल. पंख्याची पाती अतिशय बारकाईने घडवणारी यंत्रं आणि ती चालवणारी संगणकसामग्री सोव्हिएत संघाला विकली गेली, म्हणून अमेरिकेत केवढा गदारोळ झाला. एका पात्याच्या वळणापायी मित्रराष्ट्रांत भांडण लागलं. आणि २००७ साली काय झालं, तर इंटरनेटवरच्या एका नकाशा-सेवेत वॉशिंग्टन राज्यातल्या बँगोर तळावरच्या सुक्या गोदीचं हवाई छायाचित्र आलं. त्यात ओहायो जातीच्या पाणबुडीचा सात पात्यांचा पंखा उघडाच दिसत होता. ताडपत्री टाकायची राहून गेली होती.

त्या छायाचित्रानंतर ओहायोच्या प्रतिकृती करणाऱ्यांची चैन झाली. पण बारकाईने विचार करा. वरून काढलेल्या एका छायाचित्रात पात्यांची संख्या कळते, साधारण झुकाव कळतो. पीळ किती, जाडी मुळाशी किती नि टोकाशी किती, हे कळत नाही. तरीही खोक्यातला पंखा सगळ्या बाजूंनी पूर्ण असतो, कारण अर्धा पंखा विकता येत नाही. उरलेला अर्धा कुणीतरी आपल्या मनाने भरला. आणि बनवणारा त्यावर पितळी सोनेरी रंग चढवतो, पुसून पुसून चमकवतो. आख्ख्या प्रतिकृतीतली सर्वांत कमी माहिती असलेली जागा सर्वांत जास्त झळकते! आमची तक्रार अंदाज केल्याबद्दल नाही. अंदाज करायलाच हवा, नाहीतर पाणबुडीला शेपूट कुठून येणार? तक्रार ही की अंदाज आणि माहिती एकाच रंगात रंगवली जाते.

इथे आम्हाला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण होते. विषयांतर वाटेल, पण नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली, १९६६ साली पुरी झाली. शेकडो पोथ्या ताडून पाठ ठरवायचा, पण जिथे पोथ्यांचं एकमत नाही, जिथे संपादकाला पुरती खात्री नाही, तिथे शब्दाखाली एक नागमोडी रेघ छापलेली असते. शब्द दिलेला असतो, कारण श्लोक अर्धवट सोडता येत नाही. पण रेघ सांगते की बाबा रे, इथे जपून. विष्णू सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांची ही शिस्त. एवढ्या प्रचंड ग्रंथात अशी रेघ मारायला किती धारिष्ट लागत असेल! आमचं आजचं सगळं म्हणणं त्या रेघेत आहे. अणुपाणबुडीच्या प्रतिकृतीला नागमोडी रेघ हवी.

आता ही मागणी पुस्तकी वाटू नये म्हणून दोन रशियन पाणबुड्या घेऊ. पहिली टायफून. नाटोने दिलेलं नाव हे. सोव्हिएत लोक तिला प्रकल्प ९४१, 'आकुला' म्हणत. गंमत म्हणजे नाटोने 'आकुला' हे नाव दुसऱ्याच पाणबुडीला देऊन टाकलं, त्याच जातीची एक पुढे २०१२ साली आपल्याकडे भाड्याने 'चक्र' म्हणून आली. असो. टायफून ही जगातली सर्वांत मोठी पाणबुडी, सुमारे १७५ मीटर लांब, २३ मीटर रुंद. १/३५० मध्ये सुद्धा अर्धा मीटर भरते, टेबल अडवते. शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य छंदिष्टांकडे तिची छायाचित्रं होती ती पाण्यावर तरंगतानाची. पाण्याखालचा आकार तर्काने काढलेला. बाहेरून दिसतं एक प्रचंड रुंद अंग, पण आत दाब सोसणारी दोन लांबलचक कवचं शेजारी शेजारी आहेत, जोडीने, एखाद्या दुनळी बंदुकीसारखी, आणि त्यांच्यामध्ये, मनोऱ्याच्या पुढे, वीस क्षेपणास्त्रं. हे एकदा कळलं की तिची रुंदी का तशी आहे, तिची पाठ का तशी सपाट आहे, ते सगळं उलगडतं. नुसतं बाहेरचं माप बरोबर घेणाऱ्याला हे कळायची गरज पडत नाही. तो मिलिमीटरपर्यंत बरोबर असतो आणि तरी टायफूनबद्दल त्याला काही सांगता येत नाही.

दुसरी कुर्स्क. इथे जरा सावकाश बोलू.

कुर्स्क ही प्रकल्प ९४९एची, १५४ मीटरची पाणबुडी. १२ ऑगस्ट २०००ला बॅरेन्ट्स समुद्रात पुढच्या टॉर्पेडो-कक्षात स्फोट होऊन ती बुडाली. ११८ माणसं गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, पुढचं टोक कापून वेगळं करून, उरलेली पाणबुडी समुद्रतळावरून उचलली आणि रोस्ल्याकोवोच्या गोदीत नेली. या जातीच्या पाणबुडीचं अंग इतक्या जवळून, इतक्या कोनांतून जगाने तोवर पाहिलंच नव्हतं. रबरी फरशा, त्यांखालचा थर, दोन कवचांमधलं अंतर, सगळं फाटून उघडं पडलेलं. 'कुर्स्क'चं १/३५० मधलं किट झ्वेझ्दा या रशियन कंपनीने काढलेलं आहे. हे किट टेबलावर घेऊन बसणाऱ्याच्या शेजारी बहुतेक वेळा तीच गोदीतली छायाचित्रं उघडी असतात. त्याच्या नेमकेपणाची किंमत कुणी मोजली हे त्याला माहीत असतं, किंवा असायला हवं.

स्फोटानंतर तेवीस जण मागे नवव्या कक्षात जमले होते. लेफ्टनंट-कॅप्टन दिमित्री कोलेस्निकोव्ह यांनी अंधारात लिहिलेल्या चिठ्ठीवरून हे कळलं. त्या कक्षावर सुटकेचं एक झाकण होतं. बाहेरून बचावयान त्या झाकणावर बसवण्याचे रशियन प्रयत्न फसले. शेवटी नॉर्वेहून आलेल्या पाणबुड्यांनी, म्हणजे इथे माणसं बरं का, पाण्यात बुडी मारणारी, २१ ऑगस्टला ते झाकण उघडलं. आत कोणी जिवंत नव्हतं, तेवीस जण कित्येक दिवस आधीच गेले होते. नंतर नॉर्वेच्या बाजूने तक्रार झाली की झाकणाबद्दल आम्हाला मिळालेली माहिती धड नव्हती. म्हणजे नेमक्या आकाराचं ज्ञान, नेमकी झडप, नेमकी दिशा, यांवर जिथे बचावकार्य टांगलेलं होतं, तिथे सुद्धा गुप्ततेची सवय सुटली नाही.

आता हे झाकण प्रतिकृतीवर शोधा. मनोऱ्याच्या बरंच मागे, काही मिलिमीटरचं एक वर्तुळ. रंगाच्या दुसऱ्या हाताखाली ते बुजून जातं. आम्ही ज्या प्रतिकृती पाहिल्या त्यांतल्या बहुतेकांत सगळा जीव बाजूच्या चोवीस क्षेपणास्त्रांच्या दारांवर ओतलेला होता. ती दारं उघडी ठेवता येतात, दिसायला रुबाबदार. झाकणाचं वर्तुळ बुजलेलं. मापं सगळी बरोबर होती हो! पण कशाला जपायचं आणि कशाला बुजू द्यायचं, ही निवड मापात येत नाही. इथून पुढे समीक्षा सुरू होते.

कुणी म्हणेल, मग खरी पाणबुडीच बघावी, तिथे तरी शंका नको. जाऊ या. फ्रान्समध्ये शेरबुर्ग इथे 'ल रदुताब्ल' ही क्षेपणास्त्र-पाणबुडी संग्रहालयात ठेवलेली आहे, २००२पासून लोकांना आत जाऊन बघता येते. १२८ मीटर लांब, खरीखुरी. फक्त मधला अणुभट्टीचा भाग कापून काढला आहे आणि त्या जागी रिकामी पोलादी नळी बसवून दोन्ही बाजू जोडल्या आहेत. म्हणजे एकास एक प्रमाणातली, खऱ्या पोलादाची ती वस्तू सुद्धा मध्ये कोरी आहे. आम्हाला ती कोरी नळी फार आवडते. तिथे प्लायवुडची खोटी अणुभट्टी उभी करून लाल दिवे लावता आले असते. पर्यटकांना ते आवडलंही असतं. तसं केलेलं नाही. नागमोडी रेघच म्हणा ना, पोलादात ओढलेली.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. आयडाहो राज्यात पेंड ओरे नावाचं खूप खोल सरोवर आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि तिथे अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांच्या प्रतिकृती फिरतात. त्यांतली 'कटथ्रोट' ही व्हर्जिनिया जातीची प्रतिकृती, प्रमाण ०.२९४, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी लहान. लांबी १११ फूट, वजन २०५ टन, आत माणूस नाही. सरोवर निवडलं कारण तिथे शांतता आहे, आवाज मोजता येतो. एवढी मोठी का केली? कारण वस्तू लहान केली तरी पाणी लहान होत नाही. पाण्याचा चिकटपणा तोच राहतो, बुडबुडे त्याच दाबाला होतात. हातभर प्रतिकृती पाण्यात सोडून मोठ्या पाणबुडीचं वागणं जसंच्या तसं कळत नाही. रिमोटवर चालणाऱ्या पाणबुड्या तलावात सोडणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे; त्यांना सुकाणूची पाती मुद्दाम मोठी करावी लागतात, नाहीतर बाईसाहेब वळतच नाहीत. आता अशी पाती मोठी केलेली प्रतिकृती नेमकी की अनेमकी? दिसण्यात चूक, वागण्यात बरोबर. 'कटथ्रोट'मध्ये खाटा नाहीत, स्वयंपाकघर नाही, आणि कुणी तिला अपुरी म्हणत नाही. ती कशासाठी आहे हे आधी ठरलेलं आहे. शोकेसमधल्या प्रतिकृतीने मात्र हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो. तिला सगळंच नेमकं हवं असतं.

आणखी एक मुद्दा, तो आम्हाला जास्त टोचतो. ओहायो जातीच्या पाणबुडीत चोवीस क्षेपणास्त्रांच्या नळ्या बांधलेल्या. खलाशांच्या झोपण्याच्या खोल्या, नऊ-नऊ जणांच्या, या नळ्यांच्या मधल्या जागेत आहेत. म्हणजे विशीतला पोरगा पाळी संपवून आडवा होतो तेव्हा हाताच्या अंतरावर जी नळी असते, तिच्यात काय आहे हे त्याला माहीत असतं, आणि त्याला झोपही लागते. अणुपाणबुडी म्हणजे काय, हे यापेक्षा थोडक्यात कसं सांगणार? बाहेरून बिनचूक केलेली ओहायो बघा. काळा, गुळगुळीत, माशासारखा सुबक आकार. बघणारा म्हणतो, किती सुंदर! सुंदर आहेच. पण या सौंदर्यात ती पाणबुडी निरुपद्रवी होऊन जाते. १९६१च्या त्या तीन डॉलरच्या किटने, मापं कशीही असोत, कवच उघडून माणसं आणि क्षेपणास्त्रं एकाच पोटात आहेत हे पोरांना दाखवलं होतं. आजची किटं बाहेरून कितीतरी सरस आहेत, साचे उत्तम, सांधे बेमालूम, पुट्टी भरायलाही लागत नाही. आणि बहुतेक सगळी बंद आहेत. आमच्या मते या छंदाने साठ वर्षांत कमावलं खूप, पण हे गमावलं.

आपल्याकडचा विषय टाळून चालणार नाही. 'अरिहंत' २६ जुलै २००९ला विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिच्या अणुभट्टीमागे आपलं तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, त्यामुळे मुंबईकरांना तिच्याबद्दल घरच्यासारखं वाटतं. साहजिकच तिची प्रतिकृती करावी असं अनेक हातांना वाटतं. हाताशी काय आहे? पाण्यावरची मोजकी छायाचित्रं. मनोऱ्याचा आकार, त्यावरची आडवी पाती, पाठीवरचा उंचवटा, इथवर ठीक. पाण्याखालचं अंग आणि शेपूट, काही नाही. मग होतं असं की कुणी रशियन पाणबुडीची शेपटी आणून जोडतो, कुणी फ्रेंच पंखा लावतो, वरून तिरंगा आणि छान लाकडी बैठक. देशप्रेमाबद्दल शंका नाही. पण ज्या कामात आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं तोंड मिटून कष्ट केले, त्याच्या प्रतिकृतीत परक्याची शेपटी 'अरिहंत' म्हणून खपवायची, हे बरं दिसतं का?

मग करायचं काय? आमच्याजवळ साधे उपाय आहेत. जलरेषेवर कापून केलेली प्रतिकृती ही लाजेची गोष्ट नाही. समुद्राचा तुकडा करून त्यावर पाणबुडी ठेवा. दिसतं तेवढंच दाखवलं, झालं. पूर्ण करायचीच असेल तर माहीत नसलेला भाग नुसत्या करड्या प्राइमरवर सोडा, अंतिम रंग देऊ नका. पंखा पारदर्शक प्लॅस्टिकचा करा, किंवा मग ताडपत्रीच घाला, कागदी रुमालाला पातळ गोंद लावून छान सुरकुत्या पडतात. जलावतरणाच्या दिवशी पाणबुडी तशीच तर दिसते! हे शंभर टक्के नेमकं आहे, आणि अंदाजाची गरजही उरत नाही. बैठकीच्या खाली एक चिठ्ठी: हा भाग अमुक वर्षाच्या छायाचित्रावरून, तो भाग तर्काने. अशाने प्रतिकृती अर्धवट दिसेल, बक्षीस मिळणार नाही, असा आक्षेप येतो. येऊ द्या. परीक्षकांनाच आधी समजवावं लागेल. भांडारकरच्या पोथीला कुणी अर्धवट म्हणत नाही.

वेळ संपत आली, एक चिठ्ठी आली आहे ती घेतो. विचारलं आहे, नवख्याने सुरुवात कुठल्या अणुपाणबुडीपासून करावी? आम्ही 'नॉटिलस' सुचवू. पहिली अणुपाणबुडी, १९५४ सालची, ९७ मीटर लांब, म्हणजे १/३५० मध्ये जेमतेम २८ सेंटिमीटर. आकार साधा, पंखे दोन. ३ ऑगस्ट १९५८ला बर्फाखालून उत्तर ध्रुवावर गेली, त्यामुळे सांगायला गोष्टही आहे. ती ग्रॉटनला संग्रहालय म्हणून उभी आहे, पुढचा भाग लोकांना आत जाऊन बघता येतो, टॉर्पेडोची खोली, जेवणाची जागा, नियंत्रण-कक्ष. मागचा यंत्रांचा भाग मात्र बंद ठेवलेला आहे. तेव्हा कवच उघडं ठेवून करणार असाल तर पुढच्या भागावर हवा तेवढा जीव लावा, खाटेवरच्या चादरीपर्यंत. मागे करड्या रंगाचा एक हात द्या आणि चिमुकल्या अक्षरांत लिहा, 'पुढे प्रवेश नाही'. तिथे खरोखरच दार बंद आहे.